फुटलेला आवाज आणि बसलेला आवाज

बालगंधर्वांच्या नावातील ‘बाल’ या शब्दाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे लोकमान्य टिळकांनी पुण्यात ऐकले आणि त्यास बालगंधर्व म्हटले, ही हकीकत मराठी घरांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे साल कोणी विचारीत नाही. परंपरा ते साल १८९८ सांगते. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. म्हणजे टिळकांनी ऐकला तो दहा वर्षांच्या पोराचा आवाज होता. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून नारायण उभा राहिला तो १९०५ साली, मिरजेत, वयाच्या सतराव्या वर्षी. या सात वर्षांत मुलाच्या गळ्याचे काय होते हे ज्याच्या घरात मुलगा वाढला आहे त्यास सांगावयास नको. टिळकांनी ज्या आवाजाचे कौतुक केले आणि मिरजेच्या प्रेक्षकांनी ज्याचे कौतुक केले, ते दोन वेगळे आवाज होते. पदवी तेवढी तीच राहिली.

हा भेद आम्ही मुद्दाम पुढे ठेवीत आहोत. एका होतकरू मुलास मोठ्या कंपनीत नायिकेची भूमिका कशी मिळाली, ही कथा आजवर बहुधा दैवी देणगीची कथा म्हणून सांगितली गेली. देणगी होती, यात वाद नाही. पण किर्लोस्कर मंडळी ही धर्मादाय संस्था नव्हती. तो धंदा होता, गावोगाव फिरणारा, मोठे बिऱ्हाड पाठीवर घेतलेला, आणि १९०५ साली तो बऱ्यापैकी अडचणीत होता.

अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी केले. या नाटकातील पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. आजचा प्रेक्षक हा आकडा ऐकून दचकतो. त्या काळच्या प्रेक्षकास ती मेजवानी वाटे. ध्वनिक्षेपक नव्हता, प्रयोग रात्रभर चाले, आणि थिएटर म्हणजे पुष्कळदा पत्र्याचा किंवा कापडाचा मांडव. अशा जागी शेवटच्या रांगेतील माणसापर्यंत शब्द आणि सूर दोन्ही पोचवावयाचे, तेही लुगडे नेसून, अंगविक्षेप स्त्रीचा ठेवून. संगीत नाटकातील नायिकेच्या भूमिकेस प्रथम गळा लागे, रूप त्यानंतर; आणि अभिनय बहुधा तालीममास्तर शिकवून घेत.

तो गळा अण्णासाहेबांना १८८२ साली बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांच्या रूपाने सापडला. भाऊरावही तेव्हा एकोणीस वर्षांचेच. ‘सौभद्रा’तील सुभद्रा त्यांनी उभी केली आणि पुढे जवळजवळ दोन दशके मंडळीची भिस्त त्यांच्यावर राहिली. अण्णासाहेब १८८५ साली गेले, तरी कंपनी मोडली नाही. भाऊराव १९०१ साली गेले तेव्हा मात्र ती खरोखर हलली. लेखक गेला तर त्याची नाटके राहतात, पण गाणारा गेला की त्या नाटकांना प्रेक्षक राहत नाही, हे त्या चार वर्षांत मंडळीस कळून चुकले असले पाहिजे. व्यवस्था पाहणाऱ्यांत शंकरराव मुजुमदार होते, नायकाच्या भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर होते, शिकवावयास गोविंद बल्लाळ देवल होते. सगळे होते, नायिका नव्हती.

इथे एका मुलाची गोष्ट मध्येच सांगणे भाग आहे. ती नारायणाच्या गोष्टीच्या वीस वर्षे आधीची आहे. बडोद्याकडचा भास्कर बखले हा गोड गळ्याचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. अण्णासाहेबांच्या ‘रामराज्यवियोगा’त, म्हणजे १८८४ च्या सुमारास, त्याने कैकेयीची भूमिका केली. जन्म १८६९ चा, तेव्हा वय चौदा-पंधरा. भूमिका मोठी होती, कौतुकही झाले. आणि मग जे व्हावयाचे ते झाले. आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी कंपनीने त्यास ठेवले तो गळाच राहिला नाही, तेव्हा कंपनीत त्याचे स्थानही राहिले नाही, आणि भास्कर बाहेर पडला. यात कोणास खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. नाटक कंपनीच्या पंगतीस बसणाऱ्या प्रत्येक पोराचे भवितव्य असेच कंठमण्याच्या वाढीवर टांगलेले असे. किती मुले अशी आली आणि गेली, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. कालची द्रौपदी आज पडदा ओढावयास किंवा स्वयंपाकघरात, आणि परवा गावी परत. नटांच्या आत्मचरित्रांत अशी मुले एखाद्या वाक्यापुरती येतात, बहुधा विनोदासाठी.

हे लक्षात घेतले म्हणजे सतरा या वयाचा अर्थ उलगडतो. दहा-बारा वर्षांचा मुलगा नायिका म्हणून उभा करणे म्हणजे तीनचार वर्षांत बुडणाऱ्या ठेवीत पैसे घालणे. सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज मात्र फुटून बसलेला असतो. तो कसा आहे हे ऐकून ठरवता येते, आणि जसा आहे तसा तो पुढली वीस-तीस वर्षे राहील असा हिशेब धरता येतो. नारायणरावांच्या ज्या ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळतात त्यांत गळा चिमटून काढलेला खोटा बायकी स्वर नाही. तो पुरुषाचाच आवाज आहे, वरच्या पट्टीत सहज वावरणारा, काठ मऊ असलेला. स्त्रीत्व स्वरात नव्हते. ते उच्चारात होते, लडिवाळ थांबण्यात होते, शब्द सोडण्याच्या पद्धतीत होते. म्हणूनच ते टिकले. आमच्यापैकी काहींना या मुद्रिका प्रथम ऐकताना किंचित अपेक्षाभंग वाटला होता, हे कबूल करतो. कान तयार व्हावयास वेळ लागला.

आता मिरज. नारायणाचे घराणे सांगलीजवळच्या नागठाण्याचे. गाण्याचे काही शिक्षण जळगावी झालेले. मुलगा गातो हे सर्वांस माहीत. पण चांगल्या ब्राह्मण घरातील मुलाने नाटकात जाणे म्हणजे वाया जाणे, हेही सर्वांस तितकेच माहीत. शिवाय त्यास ऐकण्याचा दोष होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाचे गाणे ऐकून त्यात लक्ष घातले, कानावर उपचार व्हावेत म्हणून मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉक्टर वॉन्लेस यांच्याकडे त्याची सोय केली, आणि किर्लोस्कर मंडळीकडेही त्याची वाट मोकळी करून दिली, असे चरित्रकार सांगतात. गुणाइतकेच हे पाठबळ महत्त्वाचे होते असे आमचे मत आहे. छत्रपतींचा शब्द असला म्हणजे घरातील वडील माणसांच्या तोंडचा नकार निम्मा होतो. भास्कर बखल्याच्या पाठीशी असे कोणी नव्हते.

देवलांनी त्यास घडवले. देवल अण्णासाहेबांचे शिष्य, तालमीच्या बाबतीत कडक. बोलताना हात कोठे असावा, पदर केव्हा सावरावा, वाक्यातील कोणत्या शब्दावर क्षणभर थांबावे, असले बारकावे पाहणारे. त्यांच्या ‘शारदे’तील संवाद आजही घरात बोलल्यासारखे वाटतात, तोच घरगुतीपणा त्यांनी शकुंतलेत आणावयास शिकवले असावे, असा आमचा तर्क आहे. आणि विंगेत शंकरराव मुजुमदार होते. १८८० च्या त्या पहिल्या प्रयोगातील शकुंतला म्हणजे हेच शंकरराव. पंचवीस वर्षांपूर्वी आपण नेसलेले वल्कल एका नव्या मुलाच्या अंगावर चढताना पाहणारा हा व्यवस्थापक मनात काय म्हणत असेल? त्यास त्या रात्री कलेची चिंता अधिक होती की गल्ल्याची, हे वेगळे करून पाहता येईल असे आम्हास वाटत नाही.

प्रयोग जिंकला गेला. पुढले काही महिने-वर्षे गावामागून गाव त्याच बातमीवर भरत गेले, आणि कंपनीस पुन्हा दिवस आले. नारायणाचे नारायणराव झाले. मात्र या यशात मुलाच्या स्वतःच्या वाट्यास काय आले, हे पाहू लागलो की चित्र एवढे उजळ राहत नाही. सतराव्या वर्षी एका व्यक्तीवर शंभर पोटांचा भार पडला की आजारपण, सुतक, कंटाळा या गोष्टी खाजगी राहत नाहीत. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली, आणि ते भामिनी म्हणून उभे राहिले. हा प्रसंग निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही तो वाचतो तेव्हा आम्हास तिकिटे विकून झालेले थिएटरही दिसते. तेवीस वर्षांच्या आत असलेल्या त्या बापास ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्न निष्ठेस कमीपणा आणत नाही.

हेच चक्र इतरत्रही फिरत होते. केशवराव भोसले पोरवयातच कंपनीत आले, शारदा म्हणून गाजले, आणि १९०८ साली वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच ‘ललितकलादर्श’ काढून मोकळे झाले. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ‘बळवंत संगीत मंडळी’त आले १९१८ साली, तेव्हा तेही सतरांचेच. किशोरवयात नायिका आणि पाठोपाठ मालक, असा हा त्या काळचा क्रम. नारायणरावांनीही १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. ज्या गळ्यावर किर्लोस्कर मंडळीने भिस्त ठेवली तो गळा अशा रीतीने उठून गेला.

आणि मुली? मिरजेत शकुंतला उभी राहिली त्याच साली, त्याच मिरजेत, हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. रंगभूमीवर त्या आल्या, पण विशी उलटल्यावर, आणि तेही घरच्या मंडळींनी स्वतःच नाटके उभी केली म्हणून. सतराव्या वर्षी त्यांच्यासाठी मोठ्या कंपनीची जागा रिकामी असण्याचा प्रश्नच नव्हता. ती जागा भरलेली होती, आणि ज्याने ती भरली होती त्याची लुगडे नेसण्याची, अंबाडा घालण्याची तऱ्हा सुशिक्षित घरांतील स्त्रिया उचलीत होत्या. या विरोधाभासावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून इथे थांबतो.

राहिला भास्कर. कंपनीतून बाहेर पडलेला तो मुलगा बडोद्यास फैज महंमद खाँसाहेबांकडे व पुढे इतर उस्तादांकडे शिकला, आणि भास्करबुवा बखले म्हणून हिंदुस्थानभर ओळखला जाऊ लागला. फुटलेल्या आवाजातून त्याने जे उभे केले त्यास दोन दशके लागली. किर्लोस्कर मंडळीशी त्याचे नाते पुन्हा जुळले ते गुरू म्हणून. नारायणरावांना गाणे सांगण्यास बुवा बसू लागले. ज्या मंडळीत चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपली कैकेयी गेली, तिच्याच नव्या नायिकेस तान कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये हे ते सांगत होते. १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगमंचावर आणले. भीमपलास, यमन, भूप असे भरदार राग ज्यांत सरळ उतरले आहेत त्या पदांच्या चाली बुवांच्या होत्या. नारायणराव रुक्मिणी झाले होते. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस होते, आणि लोक त्यांना बालगंधर्व म्हणत होते.