घराचा उंबरठा आणि सांथीचा कायदा

सन २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील प्रार्थनामंदिरांचीं दारें बंद झालीं. त्या वेळीं राज्य सरकारनें योजिलेला कायदा १८९७ सालचा होता, हें आम्हांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

तो कायदा प्लेगानें जन्मास घातला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत हा रोग ओळखिला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यांनीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कायदा झाला. हिंगोली तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. परंतु इंग्रजी अंमलांतील पुण्यांत रँडसाहेबांच्या आज्ञेनें गोरे सोजीर माजघरांत व देवघरांत शिरले. लोक भयानें रोगी लपवूं लागले. २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. त्या हत्येचें समर्थन आम्ही करीत नाहीं. तथापि लोकक्षोभाचें कारण विसरतां येत नाहीं.

उलट, हाफकिनसाहेबांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, मग इतरांपुढें ठेविली.

रोग शेजाऱ्याच्या घरीं जातो, म्हणून आपलें स्वातंत्र्य अमर्याद नव्हे. परंतु उंबरठा ओलांडणाऱ्या सत्तेनें कारण सांगावें व मर्यादा राखावी. धाकानें रोगी लपतो. विश्वासानें तो दार उघडतो.