नोटरीच्या शिक्क्यामागे कोण?

प्रतिज्ञापत्र करायचं म्हणून आपण कोर्टाबाहेरच्या टेबलापाशी जातो, सही करतो आणि नोटरी शिक्का मारतात. पण त्यांना हा अधिकार कोण देतं?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचं उत्तर ऐकून चक्रावाल. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली सरकार नोटरी नेमू शकायचं, पण फक्त त्याच कायद्यातल्या कामांपुरते, म्हणजे प्रॉमिसरी नोटा वगैरे. नोटरीची सगळी कामं करायची, तर नेमणूक यायची इंग्लंडहून, ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’कडून. हा कँटरबरीच्या आर्चबिशपचा अधिकारी. म्हणजे चक्क चर्चचा परवाना! मुळात हा अधिकार पोपचा. आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतली, तेव्हा तो आर्चबिशपकडे आला.

देश आपला, संविधान आपलं आणि कागदाला साक्ष मात्र परक्या धर्मपीठाची. हे बदलायला १९५२ चा नोटरी कायदा झाला, १९५६ मध्ये तो लागू झाला. जुनं कलम १३८ रद्द झालं. त्याच नंबरवर १९८८ मध्ये आलं आजचं प्रसिद्ध चेक बाउन्सचं कलम!

आता नोटरी व्हायचं तर किमान १० वर्षं वकिली हवी. महिला आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी उमेदवारांना ७ वर्षं पुरतात. अर्ज केंद्र किंवा राज्य सरकारकडे करायचा.

शिक्का सांगतो, ‘ही सही माझ्यासमोर झाली.’ त्यामुळे कुणी म्हणालं, ‘तुम्ही येऊ नका, मी शिक्का मारून आणतो,’ तर सरळ नाही म्हणा.