बेडकी आणि गोड बातमी

आज फिशटँकचं पाणी बदलताना झेनोपस आठवली. दक्षिण आफ्रिकेतली, जन्मभर पाण्यात राहणारी बेडकी. १९३० च्या सुमारास लान्सलॉट हॉगबेन यांना दिसलं की पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की ती अंडी घालते. त्यातूनच गरोदरपणाची चाचणी निघाली: बाईची लघवी बेडकीला टोचायची, दिवसभरात अंडी दिसली की गोड बातमी!

आधीच्या चाचण्यांत उंदीर, ससे मारावे लागत. ही मात्र जगायची, पुन्हा कामी यायची. म्हणूनच तिला सांभाळणं आलं: क्लोरीन नसलेलं पाणी, टाकीवर घट्ट झाकण, वेळेवर खाणं. पुढे चाचणी मागे पडली, टाक्या राहिल्या. १९५८ मध्ये जॉन गर्डन यांनी झेनोपसचेच क्लोन वाढवले. २०१२ मध्ये नोबेल!

असो. बादलीतलं क्लोरीन उडालं असेल.