तेराव्या वर्षाचा इतिहास

१/ समाजमाध्यमावर खाते उघडताना जन्मतारीख विचारली जाते आणि तेरा वर्षांखालील मुलांना बहुधा मज्जाव असतो. हा तेराचा आकडा आला कुठून? त्यासाठी १९९० च्या दशकातील अमेरिकेत जावे लागते. #थ्रेड

२/ दूरचित्रवाणीवरील जाहिरात मुलांशी बोलत असे. संकेतस्थळे मुलांनाच बोलते करू लागली. ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ या चित्रपटाच्या संकेतस्थळावर कमिशनर गॉर्डनला गॉथम नगरीच्या ‘जनगणने’त साहाय्य करण्याचे आवाहन होते. ती जनगणना म्हणजे ग्राहक-सर्वेक्षण! ‘किड्सकॉम’वर प्रश्नावली भरली की ‘किड्सकॅश’ मिळे आणि त्यावर बक्षिसे.

३/ सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन या संस्थेने १९९६ मध्ये हे प्रकार उजेडात आणले. पुढे फेडरल ट्रेड कमिशनने मुलांसाठीची २१२ संकेतस्थळे तपासली. १९९८ च्या त्या अहवालानुसार ८९ टक्के स्थळे मुलांकडून वैयक्तिक माहिती घेत होती. पालकांना काही नियंत्रण देणारी स्थळे १० टक्क्यांहूनही कमी होती.

४/ त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी ‘कोपा’ कायदा झाला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरली. एड मार्की सोळा वर्षांची मर्यादा मागत होते. उद्योगांना ती नको होती. किशोरांच्या माहिती मिळवण्याच्या हक्कावर गदा येईल, अशी नागरी हक्क संघटनांची धास्ती होती. अखेर तडजोड तेरावर झाली. मुलांची समज कोणत्या वयात पक्व होते, याचे ते उत्तर नव्हते.

५/ शिवाय सर्वसाधारण संकेतस्थळाला मूल लहान असल्याचे ‘प्रत्यक्ष ठाऊक’ असेल, तरच कायदा लागू होई. म्हणजे अज्ञानच सोयीचे! जाहिरातदारांपुढे यूट्यूब बालप्रेक्षकांतील आपली लोकप्रियता मिरवत असे आणि स्वतःला सर्वसाधारण स्थळ म्हणवत असे. २०१९ मध्ये त्याबद्दल गूगल व यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले.

६/ भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही मर्यादा अठरा ठेवली आणि मुलांवर पाळत ठेवून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींना मनाई केली. संरक्षणाचे वय वाढले, हे स्वागतार्ह. परंतु आकडा कोणताही असो, समोरच्याला खरे वय जाणून घेण्यात तोटाच दिसत असेल, तर एक खोटी जन्मतारीख पुरते. गेल्या पाव शतकाचा इतिहास हेच सांगतो.