पार्किंग कुठे गेलं? शहर उभारण्याचे जुने आणि नवे खेळ

प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात मी लिहिलं होतं, 'नवे खेळ जुन्यांपेक्षा अधिक वास्तव आहेत.' मार्गदर्शकांनी खाली पेन्सिलीने विचारलं, 'कुणाचं वास्तव?' झालं, तीन महिने गेले.

'सिमसिटी' आला १९८९ मध्ये. त्याआधी विल राइट यांनी हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकायचा एक खेळ केला होता. त्यातली बेटं तयार करण्यातच त्यांना जास्त मजा आली, आणि तिथून ही कल्पना निघाली. मग शहर चालतं कसं, हे शोधताना त्यांना जे फॉरेस्टर यांचं १९६९ चं 'अर्बन डायनॅमिक्स' सापडलं. फॉरेस्टर एमआयटीतले इंजिनिअर, नगररचनाकार नव्हेत. त्यांच्या मॉडेलने सांगितलं, गरिबांसाठी घरं बांधली तर शहराची स्थिती आणखी बिघडते. पण त्या मॉडेलमध्ये उपनगरंच नव्हती! आता हा निष्कर्ष जसाच्या तसा खेळात उतरला असं म्हणू नका (मी म्हणून बसले होते). उतरली ती पद्धत: शहर म्हणजे एकमेकांवर परिणाम करणारे आकडे. त्यामुळे 'सिमसिटी'त माणूस नाही, लोकसंख्या आहे. रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे रहदारीच्या आकड्याचं हलतं चित्र.

२०१५ च्या फिनिश 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये प्रत्येकाला नाव, घर, नोकरी आहे. कोंडी होते ती एकेकाच्या प्रवासातून. वाटतं, हे खरं शहर! पण तिथला माणूस गरज पडली की खिशातून काढावी तशी गाडी काढतो. २०१३ च्या नव्या 'सिमसिटी'चे मुख्य डिझायनर स्टोन लिब्रांडे यांनी तर मुलाखतीत उघडच सांगितलं होतं: खऱ्या प्रमाणात पार्किंग दाखवलं असतं तर खेळ कंटाळवाणा झाला असता, म्हणून ते जमिनीखाली आहे असं मानलं. मोटारींवर उभी असलेली अमेरिकन शहरं, आणि त्यांच्या नकलेत गाड्या ठेवायची जागाच गायब. २०२३ च्या 'स्कायलाइन्स २'मध्ये मात्र गाड्या पार्किंग शोधत फिरतात.

म्हणून तुलना करताना ग्राफिक्स बाजूला ठेवा. कोणत्या काळी काय मोजलं नाही, ते बघा. जुन्या खेळाबाबत हे तपासणं सोपं आहे, कारण २००८ मध्ये त्याचा कोड 'मायक्रोपोलिस' नावाने खुला झाला. नव्यांचा कोड बंद आहे. तिथे मला अजून खेळून, नोंदी करूनच अंदाज बांधावा लागतोय.