ग्रंथालय व माहितीशास्त्र शिक्षण आणि विदाविज्ञान

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विदाविज्ञानातील, म्हणजेच डेटा सायन्समधील, व्यवसायांसाठी तयार करणे हा एकविसाव्या शतकात ग्रंथालय शिक्षणापुढे आलेला एक प्रमुख प्रश्न आहे. माहितीचे वर्णन, वर्गीकरण, जतन आणि पुनर्प्राप्ती ही या विद्याशाखेची परंपरागत क्षेत्रे होत. संख्याशास्त्र, संगणकीय आज्ञावली-लेखन आणि यंत्र-अध्ययन यांना मात्र तिच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ अल्प स्थान होते. त्यामुळे नवे काय शिकवावे यापेक्षा त्यासाठी जुन्यातील काय कमी करावे, हा मुद्दा अधिक वादाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी

या दोन क्षेत्रांचा संबंध अलीकडचा नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणिताचे अध्यापक होते. १९६२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बंगळूरु येथे ‘डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’ ही संस्था सुरू झाली, ती भारतीय सांख्यिकी संस्थेचा विभाग म्हणून.

१९७२ मध्ये कॅरेन स्पार्क जोन्स यांनी ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’ या नियतकालिकात असे मांडले की, जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो तो शोधासाठी अधिक उपयुक्त असतो. या कल्पनेवर आधारलेली शब्दभार देण्याची पद्धत आज मजकूर-विश्लेषणाच्या प्राथमिक पाठांत शिकवली जाते. तिचे मूळ ग्रंथालयांशी निगडित नियतकालिकात आहे, याचा उल्लेख तेथे क्वचितच होतो. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मुळे संदर्भोल्लेखांच्या मोजणीला व्यापक साधन मिळाले. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या गूगलच्या पृष्ठक्रम-पद्धतीमागेही शैक्षणिक संदर्भोल्लेखांचीच कल्पना होती.

अमेरिकेत अनेक ग्रंथालय विद्यालयांनी पुढे आपले नाव व स्वरूप बदलले. इलिनॉय विद्यापीठातील विद्यालयाने २०१६ मध्ये नावातून ‘ग्रंथालय’ हा शब्द वगळला. बर्कली येथे जुन्या ग्रंथालय विद्यालयाच्या जागी माहिती विद्यालय उभे राहिले व त्याने २०१४ मध्ये विदाविज्ञानाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली.

आवश्यक कौशल्ये

विदाविज्ञानातील कामाचा मोठा भाग प्रत्यक्ष विश्लेषणापूर्वीचा असतो: विदा गोळा करणे, तिच्यातील चुका व पुनरुक्ती काढणे आणि ती एकसारख्या रूपात आणणे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पूर्वशिक्षण येथेच उपयोगी पडते. एखाद्या मराठी ग्रंथसूचीत ‘कुसुमाग्रज’, ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ अशा तीन नोंदी असतील, तर साधी मोजणी करणारा संगणक त्यांना तीन लेखक समजतो. त्यावर आधारलेला निष्कर्ष, गणित अचूक असूनही, चुकीचा ठरतो. तालिकीकरण शिकलेल्यास लेखकनामांच्या प्रमाणीकरणाची ही समस्या नवी नसते. दहा नोंदींसाठी हाताने केलेले काम दहा लाख नोंदींसाठी कसे करावे, हे त्याला नव्याने शिकावे लागते. यासाठी ओपनरिफाइनसारखी साधने, एसक्यूएल आणि पायथन किंवा आर या भाषा वापरल्या जातात.

मराठी विदेत आणखी काही अडचणी येतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या नोंदींचे आधी रूपांतर करावे लागते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येते, तर मराठी वर्णक्रमात ते ‘ह’नंतर येते, परिणामी केवळ संकेतांकांनुसार लावलेली सूची मराठी वाचकाला विस्कळीत वाटते.

संख्याशास्त्रात संभाव्यता, नमुनानिवड व प्रतिगमन यांचे आकलन किमान अपेक्षित असते. त्याविना विद्यार्थी साधने चालवू शकतो, पण निष्कर्षाची विश्वासार्हता तपासू शकत नाही.

प्रशिक्षणाचे स्वरूप

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठाने संघराज्य शासनाच्या अनुदानातून ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या डॉक्टरेट विद्यार्थ्यांसाठी ‘लीड्स’ हा उपक्रम राबवला. त्यात अल्पकालीन सघन प्रशिक्षणानंतर विद्यार्थी ग्रंथालये, संग्रहालये व तत्सम संस्थांच्या प्रत्यक्ष विदासंचांवर काम करत. सेवेत असलेल्या ग्रंथपालांसाठी २०१५ मध्ये लंडनमध्ये ‘लायब्ररी कार्पेंट्री’ ही कार्यशाळांची मालिका सुरू झाली. तिची पाठ्यसामग्री मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.

संशोधन विदा व्यवस्थापक, विदा ग्रंथपाल व मेटाडेटा विश्लेषक ही या शिक्षणाशी जोडलेली पदे होत. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११ पासून प्रत्येक संशोधन प्रस्तावासोबत विदा व्यवस्थापन आराखडा अनिवार्य केल्यावर विद्यापीठीय ग्रंथालयांत अशा कामाची गरज वाढली.

भारतातील स्थिती

भारतात बहुसंख्य विद्यापीठांत एक वर्षाची ग्रंथालयशास्त्र पदवी व त्यानंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी अशी रचना रूढ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळत असल्याने वर्गात शालेय स्तरानंतर गणिताशी संबंध न राहिलेले अनेक विद्यार्थी असतात. एका वर्षात वर्गीकरण, तालिकीकरण, व्यवस्थापन व संगणक-परिचय शिकवल्यावर संख्याशास्त्रासाठी फारसे तास उरत नाहीत. दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम हा यावरील एक उपाय असून काही संस्थांनी तो स्वीकारला आहे.

सरावासाठी साहित्याचा तुटवडा मात्र नाही. १९९१ मध्ये पुण्यातील ‘आयुका’अंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या व १९९६ मध्ये स्वतंत्र झालेल्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार, तसेच २०१२ च्या राष्ट्रीय विदा धोरणानुसार खुले झालेले शासकीय विदासंच विद्यार्थ्यांना वापरता येतात.

मतभेद

टीकाकारांच्या मते, अपुऱ्या गणिती पायावर विदाविज्ञानाचे एक-दोन विषय जोडल्याने विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीधरांशी स्पर्धा करू शकत नाही आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या कामातही कमी पडतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या ग्रंथालयांना आजही प्रथम गरज आहे ती वाचकाला पुस्तक शोधून देणाऱ्या ग्रंथपालाची, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

समर्थक गोपनीयतेच्या परंपरेकडे लक्ष वेधतात. वाचकाविषयीची खासगी माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेत होते. भारतात वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला. कोणती विदा गोळा करू नये, याचा विचार ग्रंथपालांच्या व्यवसायात संगणकापूर्वीपासून होत आला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.