माती, मॅट आणि प्लास्टिकचं गवत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर.

मागच्या भागानंतर रत्नागिरीच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. घर समुद्राजवळ आहे, मागच्या अंगणात पोरांसाठी कृत्रिम टर्फचं छोटं कोर्ट टाकायचंय, तर हे प्रकरण आलं कुठून आणि आपल्याकडे टिकेल का? मी वरोऱ्याचा. आमच्यापासून समुद्र इतका लांब की तो आधी सिनेमातच दिसतो. पण प्रश्न डोक्यात बसला, कारण टर्फचा इतिहास हा खरं तर ‘खेळायला जागा कोणाला मिळते’ याचा इतिहास आहे.

सुरुवात अमेरिकेतून. १९५० च्या दशकात तिथे एक काळजी होती: शहरातली पोरं खेड्यातल्या पोरांपेक्षा शरीरानं कमी पडतायत, कारण त्यांना खेळायला मैदानच नाही. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून यावर काम सुरू झालं आणि मोन्सँटो कंपनीच्या लोकांनी नायलॉनचं गवत बनवलं. १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातल्या मोझेस ब्राउन शाळेत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अंथरलं गेलं. म्हणजे मूळ कल्पना मैदान नसलेल्या पोरांसाठी होती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मग ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम आलं. १९६५ साली उघडलेलं, छप्पर असलेलं भलंमोठं बेसबॉल स्टेडियम. आत खरं गवत होतं आणि वर पारदर्शक छत. पण त्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून छत रंगवलं. ऊन बंद झालं आणि गवत मेलं! १९६६ मध्ये तिथे ‘केमग्रास’ टाकलं आणि स्टेडियमवरून त्याचं नाव पडलं अ‍ॅस्ट्रोटर्फ.

आता आपल्याकडे या. १९७५ साली क्वालालंपूरला अजितपाल सिंग यांच्या संघानं गवतावर हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्लॅटफॉर्म बदलला आणि आपलं सगळं कौशल्य जुन्या प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेलं होतं. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, तिथे मनगटाची जादू चालते. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट जातो, तिथे धाव, दम आणि जोरकस फटका लागतो. सगळा दोष टर्फचाच, असं म्हणणं अर्धसत्य होईल. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण आलं, पण तेव्हा बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला होता. त्यानंतरचं हॉकीतलं पदक थेट टोकियोत, ४१ वर्षांनी. खरा घोळ हा होता की टर्फ महागडा होता. श्रीमंत देशांतली पोरं त्याच्यावर वाढली, आपली पोरं मातीवर शिकली आणि टर्फवर परीक्षा द्यायला गेली. पुण्याजवळच्या खडकीत तुटक्या स्टिक घेऊन खेळत मोठा झालेला धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळला, तो या दरीच्या वरून उडी मारून गेला. पण सगळ्यांना अशी उडी जमत नाही ना!

महाराष्ट्रानं ही गोष्ट त्याच्याही आधी पाहिली होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीतले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. विचार करा, एका मास्तरांचं घर गहाण पडलं तेव्हा ते घडलं.

पुढे कबड्डी मॅटवर गेली, खो-खोही गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप मॅटवर झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार आपले: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. म्हणजे मातीतलं कौशल्य मॅटवर नेता येतं. फक्त सरावाला मॅट हवी.

आता रत्नागिरीचं उत्तर. टर्फ म्हणजे नुसतं गालिचासारखं अंथरायचं काम नाही. खाली मुरूम-खडीचा दाबलेला थर, पाणी वाहून जायला उतार, वर प्लास्टिकची पाती, आणि पात्यांमध्ये वाळू किंवा रबराचे दाणे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे निम्मं यश निचऱ्यात आहे. रबराचे दाणे पावसात वाहून थेट समुद्रात जातात. युरोपियन युनियननं २०२३ साली याच कारणानं त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, ती २०३१ पासून लागू होईल. तेव्हा आखूड पात्यांचा, वाळू भरलेला टर्फ घ्या आणि कडेला बांध घाला. खारी हवा लोखंड खाते, म्हणून जाळीचे खांब जस्त चढवलेले हवेत. आणि सर्वांत आधी तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत चौकशी करा. १९९१ पासून किनाऱ्यावर सीआरझेडचे नियम आहेत आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं आहेत.

आमच्या वरोऱ्यात अडचणी वेगळ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खालचा थर कच्चा राहिला तर वरचा टर्फ लाटांसारखा होतो, समुद्र नसतानाही! दुसरं म्हणजे ऊन. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो. अमेरिकेत ब्रिघम यंग विद्यापीठात २००२ साली टर्फचं तापमान मोजलं, तेव्हा हवा जेमतेम ३७ अंश असताना पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. आता मे महिन्यातली विदर्भाची दुपार डोळ्यांसमोर आणा. म्हणून इकडे टर्फ हा संध्याकाळनंतरचा, लाइटखालचा खेळ आहे.

आणि तासाच्या भाड्याचा. बॉक्स क्रिकेटचे टर्फ आता तालुक्याच्या गावांतही आलेत. नोकरी करणारे आम्ही लोक वर्गणी काढून खेळतो, मजा येते, खोटं कशाला बोलू? पण ज्या पोराकडे भाडं नाही ते जाळीच्या बाहेर उभं असतं. मातीच्या मैदानाला गेट नसतं. उशिरा आलेल्यालाही ‘चल बे, तिकडे उभा राह’ म्हणून घेतात.

साठ वर्षांपूर्वी हे गवत मैदान नसलेल्या पोरांसाठी बनलं होतं. आज ते बहुतेक ठिकाणी पैसे असलेल्यांना मिळतं. तुमच्या अंगणात टर्फ टाका, जरूर टाका, शेजारच्या पोरांनाही बोलवा. पण गावातल्या शाळेचं मैदान कोणी पार्किंगला किंवा दुकानांच्या गाळ्यांना द्यायला निघालं, तर ग्रामसभेत उठून बोला. टर्फ पुन्हा विकत घेता येतो. मोकळी जमीन एकदा गेली की गेली.

तुमच्या गावातलं मैदान आज कोणत्या अवस्थेत आहे, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही ऐकू. भेटू मग!